बांध, वाफे आणि धावदोरा : गोधडीची कुळकथा

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष 42 चा एक शिलालेख आहे. तो दानाचा दस्तऐवज असला, तरी वस्त्रांच्या इतिहासाविषयी ज्याला आस्था आहे, त्याने तो सनदेइतक्या बारकाईने वाचावा. लेणे संघाला अर्पण करून उषवदात थांबला नाही. त्याने 3000 कार्षापण नाण्यांचा अक्षय निधी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवला, 2000 दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घेऊ नये असे ठरवले. आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षुवस्त्रासाठी, मिळावेत अशी तजवीज केली. वर्षाचे व्याज 240, आणि वीस जणांचे बारा-बाराही 240: इतका चोख हिशेब, तोही वस्त्रासाठी, दगडावर कोरलेला पाहून मन आदराने भरून येते. ते गोवर्धन आजही नाशिकच्या पश्चिमेस गोदाकाठी नांदते आहे.

त्या पैशाचे जे चीवर होई, त्याची घडण कशी असावी हे भिक्षूंच्या नियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे. मगधातून जाताना बुद्धांनी बांधांनी आखलेली, लांब-आखूड वाफ्यांत विभागलेली आणि चौकाचौकांत जुळलेली शेते आनंदाला दाखवली व अशा आकृतीची वस्त्रे भिक्षूंसाठी करता येतील का, असे विचारले. आनंदाने तुकडे बेतून ती शिवली आणि गुरूच्या प्रशंसेस पात्र झाला. निसर्ग पाहून ठिगळांचे वस्त्र रचल्याचा याहून स्पष्ट जुना दाखला मला ठाऊक नाही. त्याच ग्रंथात हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर बसून, थंडी वाढेल तसतसे एकेक वस्त्र वाढवून, किती पांघरूण पुरे होते याची स्वतः बुद्धांनी घेतलेली परीक्षा आहे. आणि नव्या कापडाची संघाटी, म्हणजे वरून पांघरायचे चीवर, दुहेरी, पण जीर्ण कापडाची चौपदरी करावी, असा नियमही आहे. जीर्ण कापड, चार पदर आणि शेताची आकृती ही तिन्ही लक्षणे ज्या वस्त्रात एकत्र येतात, ते आपल्या घरातील गोधडीचे पूर्वज मानण्यास मला संकोच वाटत नाही. हे नाते वंशावळीचे नसून पद्धतीचे आहे, आणि हस्तकलांच्या बाबतीत तेच अधिक टिकाऊ असते.

पुढे त्र्यंबकेश्वराच्या परिसरात नाथपंथीयांच्या खांद्यावर ठिगळांची कंथा आली, आणि अगदी अलीकडे गाडगेबाबांनी चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागवून त्याला लोकांच्या मनात प्रतिष्ठा दिली; परंतु गोधडीचा खरा संसार झाला तो गृहिणींच्या हाती. निफाडच्या शिवारात हिवाळ्यात पारा अनेकदा महाराष्ट्रात सर्वांत खाली उतरतो, आणि त्या थंडीची बेगमी घरातल्या जुनेरातूनच करावी लागे. खालीवर एकेक लुगडे, मध्ये धोतरांचे व फाटक्या कपड्यांचे तुकडे, कोपऱ्यांवर वजने, आणि मग काठापासून आत वळत जाणारा धावदोरा, एका बोटाच्या अंतरावर दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी. शिवणारी बाई त्या वस्त्रावरच बसून पुढे सरकते. विरलेल्या कापडावरचा ताण असंख्य टाक्यांत वाटला जातो, म्हणून ते आणखी कित्येक वर्षे तग धरते, आणि पदरांमध्ये अडकलेली हवा ऊब राखते. पिंजाऱ्याने भरलेल्या दुलईतील कापूस धुतल्याने गोळा होतो; गोधडी मात्र नदीवर खुशाल आपटून धुवावी.

निसर्ग तिच्यात चित्र म्हणून फारसा शिरला नाही. तो लुगड्यांच्या काठांबरोबर आला. रुईफुलाचा काठ, करवतकाठ, कोयरी यांचे तुकडे अलगद राखून ठेवीत आणि मधोमध किंवा कडेला बसवीत. येवल्याच्या पैठणीवरचे मोर आणि मुनिया मात्र गोधडीच्या वाट्याला क्वचितच आले असतील, कारण पैठणी जीर्ण झाली की तिच्या जरीतील चांदी काढून घेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजातील स्त्रियांच्या कवंदीचे, म्हणजे तिथल्या गोधडीचे, चारही कोपरे दुमडलेल्या त्रिकोणी ठिगळांनी सजतात. त्यांना फुले म्हणतात, आणि त्यांच्यावाचून कवंदी पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत.

निसर्ग चित्र म्हणून गोधडीत उतरल्याचे दाखले इतरत्र मात्र आहेत. अमेरिकेत हॅरिएट पॉवर्स या गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या गोधडीत 1833 च्या नोव्हेंबरातील उल्कावर्षाव शिवला होता. पण गोधड्यांना भिंतीवर चित्रांचा मान मिळाला तो 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील प्रदर्शनाने, आणि 1979 पासून ओहायोतील अथेन्स येथे केवळ कलात्मक गोधड्यांची प्रदर्शने भरू लागली.

आज नाशिकात कोणी भिंतीवर टांगण्याजोगी, हातभर लांबीची लहान गोधडी करू पाहील, तर त्या व्यक्तीने कापडाची पाने-फुले कातरून वर चिकटवू नयेत असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ते चित्र होईल, गोधडी होणार नाही. इगतपुरी-त्र्यंबककडची भातखाचरे डोळ्यांपुढे ठेवावीत. उन्हाने विटलेल्या हिरव्या लुगड्याचे तुकडे वाफ्यांसाठी घ्यावेत, विटकरी लुगड्याचे उताराच्या मातीसाठी, आणि काठांच्या पट्ट्या बांध म्हणून बसवाव्यात. पदर चारच असावेत. धावदोरा सरळ न नेता डोंगराच्या उतारासारखा वळवावा, खाचर जिथे अरुंद होते तिथे ओळी दाट व्हाव्यात, आणि पाणी दाखवायचे तिथे टाके विरळ ठेवावेत. नवे कोरे कापड टाळावे, कारण त्यातील खळीमुळे ते ताठ राहते आणि टाक्याला दबत नाही. कडा शिवून झाल्यावर भिंतीवर टांगण्यापूर्वी ती एकदा साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवावी: टाके आवळले जाऊन त्यांच्या मधले कापड फुगते, आणि मगच बांध वर उचललेले दिसतात.