पाटे, मालमोटारींचे (पुढील) : रत्नागिरी जिल्ह्यातील निवड व बदल

मालमोटार किंवा बसच्या सांगाड्याखाली, दोन्ही बाजूंच्या चाकांलगत लांबीच्या दिशेने बसवलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यांस पाटे म्हणतात. पुढचे पाटे इंजिन, केबिन व मालाचा काही भार पेलतात, खड्ड्यांचे धक्के सोसतात आणि पुढचा ॲक्सल जागेवर धरून ठेवतात. तुटलेले किंवा ‘बसलेले’ (कमान गमावलेले) पाटे बदलताना मूळच्याच ताठरपणाचे व कमानीचे पाटे घ्यावे लागतात. जाड पाटा अधिक टिकतो, हा समज पुढच्या बाजूस घातक ठरतो.

प्रकार : पारंपरिक जुडग्यात सारख्या जाडीचे, उतरत्या लांबीचे अनेक पाटे असतात. सर्वांत लांब मेन पाट्याच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांत बुश बसतात. एक टोक पिनेने सांगाड्याला व दुसरे झुलत्या शॅकलला जोडतात. अलीकडच्या अनेक मालमोटारींत पुढे पॅराबोलिक पाटे असतात. ते मध्ये जाड व टोकांकडे निमुळते असून संख्येने कमी असतात. त्यांच्यातील घर्षण कमी असल्याने शॉक ॲब्सॉर्बर चांगल्या स्थितीत असणे अधिक महत्त्वाचे. दोन्ही प्रकारांचे पाटे एका जुडग्यात मिसळता येत नाहीत.

स्थानिक परिस्थिती : जिल्ह्यात जांभ्याचे चिरे, मासळी व आंबा यांची मोठी वाहतूक होते. मुंबई–गोवा महामार्गावर भोस्ते व परशुराम हे घाट आहेत. घाटमाथ्याकडे जाण्यास कुंभार्ली, आंबा व अणुस्कुरा घाट चढावे लागतात. उतारावर ब्रेक लावताच भार पुढच्या ॲक्सलवर सरकतो. ॲक्सल पिळला जातो, पाटा नागमोडी वाकतो आणि मेन पाट्यावरचा ताण एकदम वाढतो. खारी हवा, मासळीच्या गाड्यांतून गळणारे खारे पाणी व वार्षिक ३,००० मिमीहून अधिक पाऊस यांमुळे पाट्यांमध्ये व जुडगे बांधणाऱ्या क्लिपांखाली गंज धरतो. गंजाने पडलेल्या बारीक खळग्यांतून तडा सुरू होतो आणि वारंवार वाकण्याने वाढत जातो.

मापे : वाहनाचे मॉडेल व पाट्यावरील भाग-क्रमांक प्रथम पाहतात. त्यानंतर डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, पाटे मध्यभागी एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टपासून प्रत्येक डोळ्याचे अंतर, पाट्यांची संख्या, रुंदी, प्रत्येकाची जाडी व बुशचा व्यास मोजतात. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही. कमानीचे माप मात्र बसलेल्या पाट्यावरून घेऊ नये. ते उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावे.

ताठरपणा : पारंपरिक जुडग्याचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या प्रमाणात, तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या घनाच्या प्रमाणात तो कमी होतो. सारख्या जाडीच्या ९ पाट्यांत एक वाढवला तर ताठरपणा सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. पण सर्व पाटे ८ मिमीऐवजी ९ मिमीचे घेतले तर सुमारे ४२ टक्क्यांनी. उभे वाहन पाट्यांवर १०० मिमी दबत असेल तर ते सेकंदाला सुमारे १.६ वेळा हेलकावते. ५० मिमीच दबले तर सुमारे २.२ वेळा. पुढचे पाटे फार ताठर झाले की खड्ड्यात चाक रस्ता सोडते, स्टिअरिंगला झटके बसतात आणि धक्के सांगाड्यापर्यंत पोहोचतात. जादा कमानीमुळे पुढचा भाग उचलला जाऊन स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन व दिव्यांचा झोत बदलतो.

दुरुस्ती की बदल : एकच तुटलेला पाटा बदलून इतर बसलेले ठेवल्यास नव्या पाट्यावर त्याच्या वाट्याहून अधिक भार येतो. पाटा भट्टीत तापवून, ठोकून कमान परत आणता येते. परंतु योग्य तापमानाला तेलात विझवून पुन्हा बेताने तापवले नाही, तर तो मऊ राहतो किंवा ठिसूळ होतो. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. डाव्या-उजव्या बाजूंचे जुडगे जोडीने बदलणे श्रेयस्कर.

कायदेशीर बाजू : पाटे वाढवल्याने वाहनाची परवानगीची वजनमर्यादा वाढत नाही, नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनच ग्राह्य धरतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये दोन ॲक्सलच्या, सहा चाकी मालमोटारींची कमाल मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

बसवणी : सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरील खाचेत नीट बसवून जुडगे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट उत्पादकाने दिलेल्या पिळाने आवळतात. जुने, ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. वाहन भारासह काही अंतर चालवल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसताना पकड सैल होते. शेवटी दोन्ही बाजूंची उंची, चाकांचे अलाइनमेंट व दिव्यांचा झोत तपासतात. खाऱ्या पाण्यातून किंवा मासळीच्या फेरीवरून आलेल्या वाहनाचे पाटे गोड्या पाण्याने धुतल्यास गंज मंदावतो.