महिला क्रिकेटची वाटचाल

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या क्रीडांगणावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हा हा एका नव्या युगाचा आरंभ होय असे पुष्कळांस वाटले. परंतु ज्याला आरंभ म्हणावयाचे तो कितीतरी वर्षांपूर्वी, याच महाराष्ट्रात, पुण्यास होऊन गेला होता. आणि त्याचे स्मरण ठेवल्यावाचून या विजयाचे खरे मोल कळावयाचे नाही.

स्त्रियांनी क्रिकेट खेळणे ही गोष्ट जगाला नवी नव्हती. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील महिलांचा पहिला कसोटी सामना १९३४ सालीच ब्रिस्बेन येथे झाला होता. इतकेच नव्हे, तर विश्वचषकाची स्पर्धाही प्रथम महिलांचीच झाली. ती १९७३ साली इंग्लंडमध्ये भरली, पुरुषांची त्यानंतर दोन वर्षांनी. त्या पहिल्या स्पर्धेत भारताचा संघ नव्हता. मात्र त्याच वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि एप्रिल महिन्यात पुण्यास पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. संघ आले ते अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पण दुसऱ्या स्पर्धेस वाराणसीत आठ संघ जमले, आणि तिसरीस कलकत्त्यास बारा. मुलींना खेळाची हौस नव्हती, असे म्हणण्यास मग जागा उरली नाही. उणीव होती ती संधीची.

१९७६ साली वेस्ट इंडीजचा महिला संघ भारतात आला. शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला आपला पहिला कसोटी सामना बंगलोर येथे खेळल्या, आणि पाटण्यास त्यांनी पहिला कसोटी विजय मिळविला. याच मालिकेत पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी या सतरा वर्षांच्या फिरकी गोलंदाजाने पदार्पण केले.

या पिढीला खेळापासून अर्थप्राप्ती अशी नव्हतीच. आरक्षण नसलेल्या रेल्वेच्या डब्यातून प्रवास आणि सामायिक खोल्यांतून मुक्काम, ही तिची नित्याची स्थिती. ज्यांना पुढे रेल्वेत नोकरी मिळाली त्यांच्या चरितार्थाची तेवढी सोय झाली. पण याहूनही मोठी हानी निराळीच होती. १९८६ ते १९९१ या काळात भारताच्या महिला संघाला एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळावयास मिळाला नाही. १९८८ च्या विश्वचषकातही त्याचे नाव नव्हते. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे मोजकीच असतात. ती एकदा वाया गेली, की पुढच्या कोणत्याही सन्मानाने भरून येत नाहीत.

शुभांगी कुलकर्णी यांनी ही पोकळी सोसली. १९ कसोटी सामने खेळून त्या १९९१ साली निवृत्त झाल्या, पण खेळापासून दूर गेल्या नाहीत. २००६ साली महिला संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली, तेव्हा संघटनेच्या चिटणीस त्याच होत्या. या विलीनीकरणाने राज्य संघटनांची मैदाने व साधने मुलींना खुली होण्याचा मार्ग मोकळा झाला. वेतनातील अंतर मात्र एकदम मिटले नाही. सामन्याचे मानधन पुरुषांच्या बरोबरीने देण्याचा निर्णय मंडळाने २०२२ साली जाहीर केला.

या पालटाची खूण विदर्भातही दिसते. नागपुराहून वर्ध्यास जाणाऱ्या मार्गावर जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे भव्य क्रीडांगण आहे. २०१६ साली महिलांच्या विश्व ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धेचे सामने तेथे झाले. नागपूरच्याच मोना मेश्राम २०१७ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या भारतीय संघात होत्या. तो सामना लॉर्ड्सवर अवघ्या ९ धावांनी हातचा गेला.

तेव्हा वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील एखाद्या मुलीने बॅट हाती घेतली, तर तिच्यापुढे आज एक वाट आहे. ती वाट आपोआप पडलेली नाही. पुण्यास तीन संघांनिशी खेळावयास उतरलेल्या मुलींनी ती प्रथम तुडविली, आणि तिच्या दुसऱ्या टोकाशी काय आहे हे त्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते.