एका वाक्याचा पाठ : दुसरी घटनादुरुस्ती आणि अमेरिकेतील नागरिकशास्त्र

अमेरिकेच्या राज्यघटनेची १७९१ सालची दुसरी दुरुस्ती मूळ इंग्रजीत अवघ्या २७ शब्दांची आहे. आरंभी स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक अशा सुनियंत्रित नागरी सेनेचा उल्लेख येतो. नंतर शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कास बाधा येऊ नये, असे म्हटले आहे. या दोन भागांचा संबंध कोणता, हा नागरिकशास्त्राच्या वर्गातील प्रश्न वरकरणी कायद्याचा, वस्तुतः वाक्यविचाराचा आहे.

१९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आखूड नळीच्या शॉटगनचा नागरी सेनेशी संबंध दिसत नाही म्हणून तिला संरक्षण नाकारले. जवळजवळ सत्तर वर्षे शिक्षकास हाच आधार होता. २००७ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या स्वल्पविरामावर बोट ठेवून वाक्याचे दोन भाग केले (अधिकृत प्रतींत स्वल्पविरामांची संख्याही एकसारखी नाही!). २००८ च्या हेलर खटल्यात, ५ विरुद्ध ४ अशा बहुमताच्या निकालपत्रात न्या. स्कॅलिया यांनी पहिला भाग प्रास्ताविक ठरवून हक्क व्यक्तीचा मानला, न्या. स्टीव्हन्स यांच्या भिन्नमतात ते वाक्य अखंड आहे.

संहिता तीच राहिली, उत्तर बदलले. म्हणूनच भिन्नमत गाळून हा पाठ शिकविणे म्हणजे निकालाचे पाठांतर होय. २०२२ च्या ब्रूएन निकालाने तर शस्त्रनियंत्रणाची कसोटीच ऐतिहासिक परंपरेत शोधावयास सांगितली, आणि अठराव्या शतकातील कायदे वर्गात आणणे अपरिहार्य झाले. ज्या वर्गात हे वाचन चालते, त्याच वर्गात गोळीबारापासून बचावाचा सरावही होत असतो.