आयकिडो : आधी पडायला शिका

कराटे आणि ज्युदोच्या तुलनेत आयकिडो ही जपानी युद्धकला आपल्याकडे कमी परिचित आहे. मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) हे तिचे प्रवर्तक. सोकाकू ताकेदा यांच्याकडे शिकलेल्या जुजुत्सूला त्यांनी ओमोतो पंथाच्या प्रभावाखाली वेगळे वळण दिले. 'आयकिडो' हे नाव १९४२ मध्ये अधिकृत झाले.

हल्ला अडवायचा नाही, त्याच्या रेषेतून बाजूला व्हायचे. हल्लेखोराचाच वेग वळवून त्याचा तोल घालवायचा आणि मनगट वा कोपर जखडून त्याला खाली आणायचे, हे या कलेचे मूळ सूत्र. साहजिकच नवशिक्याच्या वाट्याला प्रथम येते ती 'उकेमी', म्हणजे पडण्याची रीत : हनुवटी छातीकडे, पाठ गोल आणि खांद्यावरून तिरपी कोलांटी. कंटाळवाणे वाटले तरी हे टाळू नये. 'शिहोनागे' या डावात हात खांद्यामागे दुमडला जाऊन माणूस मागे कोसळतो. पडता न येणाऱ्याचे डोके आपटण्याचा धोका खराच असतो. पहिल्याच दिवशी फेकाफेकी सुरू करणाऱ्या वर्गापासून दूर राहिलेले बरे.

सराव जोडीने होतो. डाव टाकणारा आणि पडणारा आळीपाळीने बदलतात. उएशिबा यांचा स्पर्धांना विरोध होता. त्यांचे शिष्य केन्जी तोमिकी यांनी मात्र स्पर्धात्मक शाखा काढली. सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर बसलेला डाव रस्त्यावरच्या मारामारीत तसाच बसेल, या भ्रमात मात्र राहू नये.

सुरुवातीला ज्युदोचा पांढरा पोशाख चालतो. घोळदार 'हाकामा' अनेक ठिकाणी काळ्या पट्ट्यानंतरच मिळतो.