कर्नलचं दप्तर

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेचं युनिक्स मशीन सांभाळायचो. टेबलाखाली एकच खोकं आणि त्याला जोडलेले काळ्या पडद्यांचे टर्मिनल. सुरुवातीला आठ होते, पुढे सोळा झाले. 1984च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांमध्ये संगणक येऊ लागले होते आणि त्यांतले बरेचसे युनिक्सवर चालायचे. आमचंही त्यांतलंच.

एका 31 मार्चला संध्याकाळी, शाखेत पाय ठेवायला जागा नसताना, काही टर्मिनलवर खतावणी उघडेना. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवरूनच निदान केलं : तुमच्या ऑपरेटरने फायली बिघडवल्या असणार. ऑपरेटर सहा महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा. मॅनेजर साहेबांनी त्याला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. तो मला एवढंच म्हणाला, ‘सर, मी काहीच केलं नाहीये.’ पण ते सिद्ध कशाने करणार? त्याचं लॉगिन थेट बँकेच्या मेन्यूत उघडायचं. मशीनच्या पोटात काय चाललंय हे पाहायची वाटच त्याच्याकडे नव्हती.

मी मुख्य कन्सोलवर बसलो. तिथे ओळ होती : ‘फाइल टेबल ओव्हरफ्लो’. ‘सार’ ही आज्ञा दिली. कर्नलच्या तक्त्यांत किती जागा आहेत आणि किती भरल्यात, हे ती सांगते. फाइलच्या रकान्यात तिरप्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा होता. तक्ता काठोकाठ भरला होता.

त्या दोन आकड्यांमागे मोठा इतिहास आहे, तो मला नंतर हळूहळू कळत गेला.

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. कोणता प्रोग्रॅम चालू आहे, कोणी कोणती फाइल उघडली आहे, याची नोंद त्याला ठेवावीच लागते. 1975च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये हे तक्ते अगदी साधे, ठरावीक लांबीचे होते. प्रोसेससाठी 50 जागा, उघड्या फायलींसाठी 100, आयनोडसाठी 100. पीडीपी-11 या मशीनची स्मृतीच इतकी तुटपुंजी, की त्याहून ऐसपैस मांडणी परवडणारी नव्हती. फाइलचा तक्ता भरला की कन्सोलवर ‘नो फाइल’ एवढंच उमटायचं.

फाइल उघडताना तीन ठिकाणी नोंद होते. प्रत्येक प्रोसेसची स्वतःची छोटी यादी. तिथून बोट सगळ्यांच्या सामायिक फाइल तक्त्याकडे. तिथून आयनोडच्या तक्त्याकडे. मधला तक्ता कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. वाचन कुठवर आलंय ही खूण त्यात असते. प्रोसेसने आपली प्रत काढून मूल जन्माला घातलं, की आईमूल एकाच खुणेवरून पुढे वाचतात. पण दोन परक्या प्रोसेसनी तीच फाइल उघडली, तर दोघींच्या खुणा वेगळ्या आणि तक्त्यातल्या जागाही दोन. मॉरिस बाक यांच्या 1986च्या पुस्तकातली या तीन तक्त्यांची आकृती आमच्या पिढीतल्या अनेकांनी परीक्षेसाठी घोटली आहे. मीही घोटली होती. ती खरी कशी असते, ते त्या संध्याकाळी दिसलं.

त्याच्याही आधी, 1976मध्ये, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या कर्नलचा मूळ कोड विद्यार्थ्यांसाठी छापून त्यावर टीका लिहिली. सगळा कोड दहा हजार ओळींच्या आत. पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात कोड शिकवायला मनाई केली. लायन्स यांचं लिखाण मग झेरॉक्सच्या झेरॉक्स होऊन जगभर फिरलं आणि रीतसर पुस्तक म्हणून 1996मध्ये आलं. तक्त्यांची रचना कळायची, तर तो कोड किंवा त्याचं वर्णन कुठूनतरी मिळवायला लागायचं.

आणि चालू मशीनमधले तक्ते पाहायचे कसे? ‘तुझ्याकडे किती प्रोसेस आहेत?’ असं कर्नलला विचारायची सोय सुरुवातीला नव्हती. पण युनिक्समध्ये जवळपास सगळं फाइलसारखं दिसतं, तशी खुद्द स्मृतीही : ‘/डेव्ह/मेम’ आणि ‘/डेव्ह/केमेम’. प्रोसेसची यादी देणारा ‘पीएस’ आधी डिस्कवरची कर्नलची फाइल उघडून प्रोसेस तक्त्याचा पत्ता शोधायचा, मग स्मृतीच्या फाइलमध्ये नेमक्या त्या पत्त्यावर जाऊन बाइट उचलायचा. सातव्या आवृत्तीतला ‘पीस्टॅट’ याच वाटेने प्रोसेस, आयनोड आणि फायलींचे तक्ते छापून द्यायचा. पुढे सिस्टिम फाइव्हमध्ये ‘क्रॅश’ आला. बंद पडलेल्या मशीनच्या स्मृतीचं शवविच्छेदन हे त्याचं काम, पण जिवंत मशीनवरही तो चालायचा.

हे म्हणजे तलाठ्याला न विचारता त्याच्या कपाटातलं दप्तर स्वतः उघडण्यासारखं होतं. तोटे तीन. तलाठी लिहीत असतानाच तुम्ही वाचताय, म्हणून अर्धवट नोंद हाती येऊ शकते. दप्तराचे रकाने बदलले, म्हणजे कर्नल नव्याने बांधला, की जुना ‘पीएस’ भलतंसलतं दाखवतो. आणि तिसरा तोटा सगळ्यांत गंभीर : ज्याला एक पान वाचता येतं त्याला सगळंच दप्तर वाचता येतं. टर्मिनलवर टंकलेला पासवर्डही काही क्षण त्याच स्मृतीत असतो. म्हणून या फायली सर्वांना बंद ठेवून ‘पीएस’सारख्या मोजक्या प्रोग्रॅमना खास अधिकार द्यायची पद्धत पडली.

1984मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी दुसरी वाट सुचवली. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच ‘प्रोसेसेस अ‍ॅज फाइल्स’. आठव्या आवृत्तीत ‘/प्रॉक’ नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसची एक फाइल दिसू लागली. परवानगी मालकाची, नेहमीच्या फाइलसारखी. रॉजर फॉकनर आणि रॉन गोम्स यांनी ती कल्पना सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या रिलीजमध्ये आणली. प्लॅन 9ने प्रत्येक प्रोसेसला डिरेक्टरी दिली आणि माहिती वाचता येईल अशा मजकुरात ठेवली. लिनक्सने तेच उचललं आणि प्रोसेसपलीकडची स्मृती, डिस्क, तक्ते यांची माहितीही तिथे आणली. या फायली डिस्कवर नसतात. आकार पाहिला तर बहुतेकांचा शून्य; वाचायला गेलं की कर्नल त्या क्षणी मजकूर लिहून देतो. दप्तराऐवजी सातबाराचा उतारा हातात मिळू लागला, तो असा. बर्कलेच्या 4.4बीएसडीने 1993मध्ये ‘सिसकंट्रोल’ने वेगळ्या मार्गाने हेच साधलं.

लिनक्समध्ये आज ‘/प्रॉक/सिस/एफएस/फाइल-एनआर’ वाचलं की तीन आकडे मिळतात. पहिला वापरात घेतलेल्या जागांचा, शेवटचा मर्यादेचा. त्यासाठी खास अधिकार लागत नाही. मात्र कर्नलच्या आतले पत्ते आता साध्या वापरकर्त्याला दिसू देत नाहीत, कारण घुसखोराला तेच हवे असतात. ‘/डेव्ह/केमेम’ तर 2021मध्ये, 5.13 या आवृत्तीत, काढूनच टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दप्तर बंद आणि उतारा खुला, ही वाटणी मला रास्त वाटते. काळजी एकच : उताऱ्यात कोणते रकाने द्यायचे हे शेवटी तलाठीच ठरवतो.

त्या संध्याकाळी मी हिशेब कागदावर मांडला. प्रत्येक टर्मिनलवरचा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे त्याच त्या फायली उघडत होता. टर्मिनल दुप्पट झाले, पण तक्ता वाढवायचं पुरवठादाराच्या माणसाला सुचलं नव्हतं. एरवी सगळे एकदम कामाला बसत नसत, म्हणून निभावून गेलं. मार्चअखेरीला सोळाही चालू, वर व्याजाची आकारणी. मॅनेजर साहेबांना म्हटलं, ‘साहेब, चार टर्मिनल बंद करून बघू या.’ बंद केले आणि बाकीच्यांवर खतावणी उघडली. त्यांनी कागद दोनदा वाचला, खुलाशाचा अर्धा लिहिलेला कागद त्या मुलाकडून मागून घेतला आणि फाडला. त्याची माफी मात्र कोणी मागितली नाही.

रात्री दीडनंतर मी मर्यादा वाढवली, कर्नल नव्याने जोडला, मशीन पुन्हा सुरू केलं. तो मुलगा घरी गेला नव्हता. ‘सर, ते आकडे मला बघता येतील का?’ म्हणाला. मी त्याच्या मेन्यूत एक ओळ वाढवून दिली. त्यानंतर तो रोज सकाळी शाखा उघडल्यावर आणि संध्याकाळी रोकड जुळल्यावर ते दोन आकडे रजिस्टरमध्ये तारखेसह लिहायचा. मी ती नोकरी सोडली, तेव्हा त्याचं दुसरं रजिस्टर सुरू झालं होतं.