सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि मराठी मजकूर

घरातील जुना संगणक मंदावला, सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हावा इतका वेळ घेऊ लागला, की 'फॉर्मॅट मारून टाका' हा सल्ला ठरलेला असतो. १९९५ नंतर मध्यमवर्गीय मराठी घरांत जे 'असेम्बल्ड' संगणक आले, त्यांच्याबरोबरच हा शब्दप्रयोगही घरात शिरला. शेजारचा हार्डवेअरवाला सीडी घेऊन येई आणि दोन-तीन तासांत यंत्र पूर्ववत चपळ करून जाई. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ ने ही क्रिया संगणकाच्या पोटातच बसवली, २०१५ च्या विंडोज १० मध्ये ती 'रीसेट' या एकाच नावाखाली आली आणि तिच्यापुढे दोन पर्याय मांडले गेले : आपल्या फायली राखायच्या, की सर्व काही पुसायचे. हा प्रश्न केवळ तांत्रिक आहे असे वरकरणी वाटते. आमच्या मते, ज्या घरात मराठीत लिहिणारे कोणी होते वा आहे, तेथे तो दफ्तराचा प्रश्न आहे.

यंत्र का मंदावते याची कारणे बहुतेकांना ठाऊक असतात. सुरुवातीलाच जागी होणारी नको तितकी सॉफ्टवेअरे, अँटीव्हायरसचा भार, अपुरी मेमरी, झिजलेली हार्ड डिस्क. रीसेटने यांपैकी पहिली दोन दूर होतात, उरलेली दोन होत नाहीत. मराठी संगणकाला मात्र आणखी एक कारण होते. मराठीसाठी घेतलेल्या पॅकेजबरोबर शेकडो फॉन्ट येत, ते सगळेच्या सगळे बसवले जात (लग्नपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत कधी कोणता लागेल, सांगता येत नसे) आणि त्यांच्या ओझ्याने यंत्र सुरू व्हायला वेळ लागे. म्हणजे यंत्र हलके करायचे म्हटले, की पहिली नजर जाई ती नेमकी या फॉन्टांवर.

येथे थोडे मागे जायला हवे. भारतीय लिप्यांसाठी सांकेतिक प्रमाण नव्हते असे नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट'चे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. परंतु छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत आणि घराघरांत जे रुजले ते वेगळेच. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या संचांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. संगणकाला मराठीचा पत्ताच नव्हता. कृतिदेवमध्ये टंकलेला 'मराठी' हा शब्द यंत्राच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे होती. तो मराठी दिसे तो केवळ वर चढवलेल्या फॉन्टामुळे. पहिली वेलांटीसुद्धा उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर नव्हे, तर डोळ्यांना दिसते तशी त्याच्या आधी साठवली जाई. शिवाय प्रत्येक उत्पादकाची आकारांची मांडणी निराळी. एका संचातला लेख दुसऱ्या संचात उघडला, की उच्चारचिन्हे मिरवणाऱ्या परक्या अक्षरांची रांग उभी राही.

आता हार्डवेअरवाल्याच्या एका सवयीकडे पाहावे. तो डिस्कचे दोन भाग करी. सी ड्राइव्हवर विंडोज, डी ड्राइव्हवर 'डेटा'. फॉर्मॅट मारायचा तो सी ला. डी ला हात लावायचा नाही. ही विभागणी शहाणपणाची होती आणि इंग्रजी लिहिणाऱ्याला तिने कधी दगा दिला नाही, कारण त्याची लिपी विंडोजबरोबरच परत येई. मराठी मजकूर मात्र या रेषेने बरोबर मधोमध चिरला जाई. अक्षरांचे संकेत डी वर राहत आणि त्यांना मराठी करणारे फॉन्ट सी वर, विंडोजच्या फोल्डरात पुसले जात. फाईल शाबूत, तारीख शाबूत, पृष्ठसंख्याही जवळपास तितकीच, आणि आत वाचण्याजोगे काही नाही. फॉन्ट पुन्हा बसवावेत, तर पॅकेजची सीडी सापडत नसे, किंवा त्यासोबतचे हार्डवेअर लॉक कुठे गेले ते आठवत नसे. रीसेटमधील 'फायली राखा' हा आजचा पर्याय त्याच जुन्या रेषेवर उभा आहे. तो दस्तऐवज राखतो. बाहेरून बसवलेली सॉफ्टवेअरे आणि फॉन्ट राखत नाही.

युनिकोडने ही चीर सांधली, पण सावकाश. देवनागरीला युनिकोडमध्ये आधार देणारी विंडोजची पहिली आवृत्ती २००० सालची. तिच्यातील 'मंगल' हा फॉन्ट घडवला तो र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी. ते सुलेखनकार, आयआयटी मुंबईत अभिकल्पाचे अध्यापक आणि मराठीतले कवी. संगणकाला देवनागरी स्वतःची म्हणून प्रथम दिसली ती एका कवीच्या हातची, ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमांत कुठे नोंदलेली नाही, असो. २००१ च्या विंडोज एक्सपीतही हा आधार आपोआप चालू नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे, मूळ सीडी घालावी लागे. आणि फॉर्मॅटनंतर तेही पुन्हा. त्यामुळे १९९० च्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठीत जे लिहिले गेले, म्हणजे प्रबंध, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, कवितांचे कच्चे खर्डे, त्यातला मोठा भाग जुन्या फॉन्टांतच राहिला.

मोडीची आठवण येथे होते, पण ती फार ताणू नये. मोडी कागद वाचणारी माणसे घटली, तरी वाचायला शिकता येते. जुन्या फॉन्टातला मजकूर कितीही शिकून डोळ्यांनी वाचता येत नाही. त्याला त्याचा नेमका फॉन्टच लागतो. आम्हांला अधिक जवळचे उदाहरण सलमान रश्दी यांचे वाटते. त्यांची कागदपत्रे अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने घेतली तेव्हा त्यांत त्यांचे जुने ॲपल संगणकही होते. ग्रंथपालांनी केवळ फायली उतरवून घेतल्या नाहीत. २०१० मध्ये अभ्यासकांसाठी जे खुले केले त्यात त्या जुन्या मॅकचे सगळे वातावरण, रश्दींना पडद्यावर दिसे तसे, नव्या यंत्रावर उभे केले होते. यंत्रणा आणि मजकूर यांतली रेषा त्यांनी मानलीच नाही. आपल्याकडे हे काम लेखकाच्या मुलासुनांवर पडते, तेही घर आवरताना.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ चालवू न शकणारी कितीतरी जुनी यंत्रे तेव्हापासून माळ्यावर किंवा भंगारात जाण्याच्या वाटेवर आहेत, म्हणून हा निर्णय आताच घराघरांत घेतला जात आहे. आमचे मत विचाराल तर रीसेट करू नये असे नाही. पण तो शेवटी करावा. आधी विंडोजमधले फॉन्टांचे फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावे. कोणत्या फाईलला कोणता फॉन्ट आहे याची यादी करावी. शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क काढून तशीच ठेवावी आणि यंत्रात नवी एसएसडी घालावी. झिजलेल्या डिस्कने आलेला मंदपणा तसाही रीसेटने जाणार नव्हता. मजकूर युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. रफार भलत्या अक्षरावर जातो, 'सुऱ्या'चा 'सुर्या' होतो, मध्येच आलेले इंग्रजी नाव देवनागरीत विरघळते. हे दोष मूळ पान शेजारी ठेवल्याशिवाय पकडता येत नाहीत, आणि त्या पानाची छापील प्रत काढायची, तर ती त्या मंद संगणकावरच, त्याला रीसेट करण्यापूर्वी काढावी लागते.