सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रामागे

न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडचं जुनं घर घेतलं की भिंतीत हमखास पोलादी पट्टी गुंडाळलेली केबल निघते. इलेक्ट्रिशियन तिला 'बीएक्स' म्हणतात. ती न्यूयॉर्कच्या स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनीची. अमेरिकेच्या विद्युत संहितेत ती १९०३ साली आली. कवच होतं ते खिळ्यांपासून तारा वाचवायला. अर्थिंगची तार आत नव्हतीच, कारण सॉकेटलाही दोनच छिद्रं असायची.

१९६२च्या संहितेनं नव्या वायरिंगला तीन छिद्रांची सॉकेट्स सक्तीची केली. मग जुन्या घरांतही लोकांनी ती बसवली. कवच धातूचं, थेट पॅनेलपर्यंत गेलेलं. झालं की अर्थिंग!

इथेच गफलत आहे. कवच म्हणजे सलग नळी नव्हे, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी. वेढे गंजले की वीज एका वेढ्यातून पुढच्यात उडी न मारता अख्ख्या पट्टीच्या लांबीनं फिरते. समजा, अडथळा १० ओहम झाला आणि फ्रिजच्या पत्र्याला जिवंत तार टेकली. १२० व्होल्टला १२ अँपिअर वाहतील. १५ अँपिअरचा ब्रेकर ढिम्म हलणार नाही आणि भिंतीतल्या लाकडाशेजारी १,४४० वॉटची शेगडी पेटलेली राहील. म्हणून १९५९च्या संहितेनं कवचाच्या आत, सगळ्या वेढ्यांना टेकणारी उघडी धातूची पट्टी घालायला लावली. साधा उपाय, पण आधीच्या पन्नासेक वर्षांच्या भिंती तशाच राहिल्या.

तीन दिव्यांचा स्वस्त टेस्टर अशा सॉकेटलाही खुशाल 'ठीक' म्हणतो. त्याला चिमूटभर प्रवाह पुरतो. खरी परीक्षा शेकडो अँपिअरची असते.

आमचं घर १९३८चं. आधीच्या मालकानं सगळीकडे तीन छिद्रं करून ठेवलेली. मेन बंद करून इलेक्ट्रिशियननं चार डबे उघडले. पट्टी एकातही नव्हती. सगळी वायरिंग बदलणं परवडेना. मग कामी आले बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल. त्यांनी १९६१ साली शोधलेलं जीएफसीआय अर्थिंगवर विसंबत नाही. गेलेला आणि परतलेला प्रवाह ताडून पाहतं आणि सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज तोडतं. माणूस वाचतो, अर्थिंग मात्र येत नाही, म्हणून संहिता तसं लेबल लावायला सांगते.

सांगलीहून आलेल्या आईनं मिक्सर लावताना ते वाचलं. "अर्थिंग नाही, तर तिसरं भोक कशाला?"

"पिन आत जावी म्हणून," मी म्हणालो.